वॉकर म्हणजे नेमकं काय?

माझी थोरली बहीण बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं जे झालं ते त्यानंतर आठव्या दिवशी. त्या दिवशी मी भर दुपारी, भर रस्त्यातून, एका हाताने ऑफिसातली गोल फिरणारी खुर्ची आणि दुसऱ्या हाताने पुढे पिवळं बदक लावलेला बाळांचा वॉकर ढकलत घरी आलो. दोन्हींची चाकं वेगवेगळ्या दिशांना ओढत होती. बदकाच्या पोटात कुठेतरी बटण होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते बदक गाणं म्हणत होतं. आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांत त्या वेळी जेवढी माणसं उभी होती, तेवढी वार्षिक सभेलाही कधी जमत नाहीत.

"आजोबा होताय वाटतं!" तळमजल्यावरचे विमावाले ओरडले.

मी उत्तर दिलं नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, ज्याच्या स्टोअरमध्ये डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच स्क्रू हाताला लागायचा, त्याने बदकासोबत चालताना निदान गप्प तरी राहावं.

झालं होतं ते असं. ताईचं ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन वस्तू सांगितल्या: धरून चालायला वॉकर, बाहेर न्यायला चाकांची खुर्ची आणि पाठीकडून वर उचलता येणारा पलंग. विमावाले म्हणाले, "विकत कशाला घेता? तीन महिन्यांचा प्रश्न. गावात तीन ठिकाणी या वस्तू वापरायला देतात. ज्येष्ठ मंडळ, महिला मंडळ आणि खुद्द हॉस्पिटलचा मदत कक्ष. फोन फिरवायचा, वस्तू आणायची, काम संपलं की परत." विमावाल्यांचा सल्ला ऐकताना नेहमी सोपा वाटतो. त्यांची पॉलिसीही ऐकताना सोपीच वाटली होती.

मी फोन फिरवला. महिला मंडळाच्या प्रमुख म्हणजे आमच्या चौकातल्या टेलरबाई. गळ्यात कायम टेप. माणूस समोर आला की आधी त्याच्या खांद्यांची रुंदी बघतात, मग चेहरा.

"वॉकर आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे ना. वापरणाऱ्याचं वजन किती?"

"पासष्ट."

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. "पासष्ट काय?"

"किलो."

"जरा जास्तच आहे. पण तुम्ही येऊन बघा तरी."

महिला मंडळ पाळणाघरही चालवतं, आणि त्यांच्या भाषेत वॉकर म्हणजे बदकवाला, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तोवर मी पोचपावतीवर सही करून बसलो होतो. सही केलेली वस्तू नाकारणं स्टोअरवाल्याच्या रक्तात नाही.

ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष निवृत्त भाषाशिक्षक. आयुष्यभर त्यांनी लोकांचं शुद्धलेखन सुधारलं, म्हणून अख्खं गाव त्यांना पाठीमागे ऱ्हस्वदीर्घ सर म्हणतं. मी त्यांना वॉकर विचारला, तर ते म्हणाले, "अशी कोणतीही वस्तू आमच्या नोंदवहीत नाही." मग चाकाची खुर्ची विचारली.

"चाकाची की चाकांची? चाक एकच असेल तर चाकाची."

"चाकांची, सर."

"आहे. उत्तम स्थितीत आहे. पाच चाकं आहेत."

मी खूश झालो. म्हटलं, पाचवं बहुधा स्टेपनी असेल.

उरला पलंग. हॉस्पिटलच्या मदत कक्षाने फोनवर खणखणीत आवाजात सांगितलं, "बेड उपलब्ध आहे." मी टेम्पो घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसाने रजिस्टर उघडून दाखवलं. बेड होता. तो गेल्या वर्षापासून पलीकडच्या वस्तीतल्या एका पेशंटकडे होता.

"मग उपलब्ध कसा?"

"आमच्या यादीत उपलब्ध आहे. म्हणजे हरवलेला नाही."

टेम्पोवाला रिकामा टेम्पो घेऊन निघताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मला कारखान्याच्या मालकानेही कधी दाखवली नव्हती.

पुढचे चार दिवस ताई आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची सरकवत आणि माझ्या बायकोच्या खांद्याचा आधार घेत खाटेपासून बाथरूमपर्यंत जायची. चौथ्या दिवशी खुर्ची फरशीवरून निसटली. बायकोने तिला वरच्या वर धरलं म्हणून निभावलं. पण त्यानंतर ताईने उठायचंच सोडलं. माझी ताई म्हणजे शाळेत मला मारणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना दम देऊन आलेली बाई. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "राहू दे रे. मला नाही चालायचं." त्या दिवशी मला बदकाचं काहीच वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी ताईला व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काका, वॉकर कसा मिळत नाही? ज्येष्ठ मंडळाच्या मागच्या खोलीत चार वॉकर धूळ खात पडलेत. मी स्वतः पाहिलेत."

मी चप्पल न घालताच निघालो. कोपऱ्यावर पोचल्यावर ते लक्षात आलं, पण संतापलेला माणूस चपलेसाठी परत फिरला तर संताप वाया जातो.

मागच्या खोलीत खरंच चार वॉकर होते. चकचकीत. रबरी बूट घातलेले.

"सर, हे काय आहे?"

"हे चलनाधार," ऱ्हस्वदीर्घ सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही वॉकर मागितला होतात."

त्याच खोलीत एक उचलता येणारा पलंगही होता. त्याचं नाव होतं रुग्णशय्या. आणि चाकांची खुर्ची, म्हणजे पेशंटला बसवून ढकलायची खरी खुर्ची, महिला मंडळात होती. तिथल्या वहीत ती 'ढकलगाडी' या नावाने नांदत होती. म्हणजे मला हव्या त्या तिन्ही वस्तू माझ्या घरापासून पाच मिनिटांच्या आत होत्या. फक्त त्यांना ज्या नावाने हाक मारायची ते नाव मला ठाऊक नव्हतं, आणि मी ज्या नावाने हाक मारत होतो त्या नावाला त्या ओ देत नव्हत्या.

मी तिन्ही वस्तू घरी नेल्या आणि त्याच संध्याकाळी तिन्ही संस्थांना पत्र लिहायला बसलो. तिघांनी मिळून एकच नोंदवही ठेवावी, प्रत्येक वस्तूला एकच नाव असावं, आणि कुणीही कुठेही फोन केला तरी तिन्ही ठिकाणची वस्तू सापडावी. बायको म्हणाली, "वन्संना वॉकर मिळाला ना? मग आता जगाचं स्टोअर कशाला लावताय?" तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण मी तोवर दुसऱ्या परिच्छेदावर पोचलो होतो.

हॉस्पिटलात पत्र द्यायला गेलो तर आवक-जावक खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "कुठल्या विभागासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळे असा विभाग नाही."

पत्राचा विषय होता 'खुर्ची, पलंग इत्यादींबाबत'. बाईंनी तो दोनदा वाचला, शिक्का मारला आणि पत्र योग्य विभागाकडे पाठवलं. चार दिवसांनी हॉस्पिटलातून मला फोन आला. एक जड आवाज म्हणाला, "सुतारखात्यातून बोलतोय. तुमचं पत्र मिळालं. कुठला पाय हलतोय?"

"डावा," मी म्हणालो. "माझ्या बहिणीचा."

यानंतर आम्हा दोघांत जे संभाषण झालं त्यात दोघांचाही दोष नव्हता. शेवटी त्या सुतारानेच पत्र, मदत कक्ष ज्यांच्या हाताखाली त्या मेट्रनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. या सगळ्या प्रकरणात माझं पत्र पूर्ण वाचणारा तो पहिला माणूस.

पहिली बैठक ज्येष्ठ मंडळाच्या हॉलमध्ये भरली. मेट्रनबाई, टेलरबाई, ऱ्हस्वदीर्घ सर आणि मी. मला वाटलं होतं, तासाभरात उरकेल. दोन तास झाले तरी आम्ही पहिल्याच वस्तूवर होतो.

"चलनाधार हा अर्थवाही शब्द आहे," सर म्हणाले.

"पेशंटला चक्कर येते तो शब्द ऐकून," मेट्रनबाई म्हणाल्या. "जगभर वॉकर म्हणतात."

"आमच्याकडे वॉकर म्हटलं की बदक येतं," टेलरबाई म्हणाल्या. "मोठ्या माणसांच्याला आमच्या बायका घोडा म्हणतात. चार पाय असतात, म्हणून."

"घोडा?" मेट्रनबाईंचा आवाज चढला. "कालच हाड जोडलेल्या पेशंटला मी घोड्यावर बसवू?"

मी घसा खाकरला आणि माझा तोडगा मांडला. नाव नकोच. कारखान्यात देतो तसा प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा. उदाहरणार्थ, वॉकर म्हणजे स्टो-चार-शून्य-सात. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि त्या दिवशी तिन्ही संस्थांचं पहिल्यांदा एकमत झालं: माझ्याविरुद्ध. "घाबरलेला माणूस फोन करतो," मेट्रनबाई म्हणाल्या, "तो काय शून्य-सात मागणार आहे?" सरांनी तर 'स्टो' हा शब्दच नसल्याचं सिद्ध केलं. मी कागद गोळा केले, चहा तसाच ठेवला आणि घरी आलो. सामाजिक कार्य करायला कातडी जाड लागते. माझी स्टोअरच्या सावलीत वाढलेली.

घरी ताई वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. एका दमात अकरा पावलं. तिने मला बसवून सगळं ऐकून घेतलं.

"तू मला काय म्हणतोस?" तिने विचारलं.

"ताई."

"तुझी बायको मला वन्सं म्हणते. तुझी मुलगी आत्या म्हणते. माझा मुलगा आई म्हणतो. हॉस्पिटलच्या कागदावर मी पेशंट, आणि त्या विमावाल्याच्या फायलीत मी कोण आहे देव जाणे. पण मी पडले तेव्हा किती जणी पडल्या?"

"एकच."

"मग? कुणी कुणाची हाक बदला म्हणतंय का? ज्याने त्याने आपल्या नात्याने हाक मारावी. पण सगळ्या हाका एकाच बाईला आहेत, हे एकदा कुठेतरी लिहून ठेवा म्हणजे झालं."

आमच्या घरात अक्कल थोरल्यांकडून धाकट्यांकडे येताना वाटेत बरीच सांडली असावी.

त्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती दूरच्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती इतकी हसली की मला आधी रागच आला. "बाबा, आत्याने जे सांगितलं ना, त्याच्यावर आमच्याकडे माणसं आयुष्य घालवतात! त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. वेगवेगळ्या संस्थांना एकमेकांना माहिती द्यायची असेल तर आधी सगळ्यांनी बसून ठरवायचं: कुठल्या वस्तू आहेत, कोण कशाचा प्रकार, कुणाचा कशाशी संबंध, आणि कोण कशाला काय म्हणतं. शब्द आपापले, अर्थ सगळ्यांचा एक." तिने एक तक्ताही करून द्यायचं कबूल केलं, तिघांना आपापल्या फोनवर दिसेल असा.

मला उत्साहाचं भरतं आलं. मी लगेच गॅलरीत जाऊन मेट्रनबाईंना फोन लावला. गॅलरीत आवाज चांगला लागतो, म्हणून मी तिथे जरा मोठ्याने बोलतो. "मेट्रनबाई, नक्की झालं! ऑन्टॉलॉजी! हो हो, ऑन्टॉलॉजी! उशिरा कळलं, पण आता मागे हटायचं नाही!"

खाली विमावाले झाडांना पाणी घालत होते. त्यांना ऑन्कॉलॉजी ऐकू आलं. तो कर्करोगाचा विभाग, हे त्यांना धंद्यामुळे पाठ.

तासाभरात घरी सफरचंदं यायला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. एकांनी गव्हाच्या रोपांचा रस सांगितला, दुसऱ्यांनी तो मुळीच घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि त्यावर त्या दोघांचं माझ्याच कोचावर भांडण झालं. विमावाले खांद्यावर थोपटून म्हणाले, "खचू नका. तुमची पॉलिसी मी आत्ताच काढून बघितली. बघितली नसती तर बरं झालं असतं." बायको बाहेरून आली तेव्हा जिन्यातच तिला चार जणींनी मिठी मारली होती. ती दारात उभी राहून, डबडबलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "मला शेजाऱ्यांकडून कळायचं होतं का हो?" तिला सगळं समजावून सांगायला मला चाळीस मिनिटं लागली. समजल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सफरचंदं मात्र आठवडाभर पुरली.

दुसऱ्या बैठकीला मी ताईलाच घेऊन गेलो, ढकलगाडीतून. तिने नात्यांचं उदाहरण दिलं आणि सरांनी पहिल्यांदाच एकही चूक काढली नाही. मग काम सरळ चाललं. डाव्या पानावर वस्तूचं नाव लिहायचंच नाही, ती कशी आहे आणि काय करते तेवढं लिहायचं: 'चार पाय, चाकं नाहीत, मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी धरून चालण्यासाठी.' उजव्या पानावर तिन्ही शब्द गुण्यागोविंदाने: वॉकर, चलनाधार, घोडा. आणि बदकवाल्यासाठी वेगळं पान.

खरी झुंज झाली ती 'उपलब्ध' या शब्दाशी. हॉस्पिटलात त्याचा अर्थ 'हरवलेलं नाही', ज्येष्ठ मंडळात 'आत्ता खोलीत आहे', आणि महिला मंडळात 'दिलंय कुणालातरी, पण मागितलं तर नाही म्हणायची नाही ती बाई'. तीन अर्थांचे आम्ही तीन रकाने केले: खोलीत आहे, कुणाकडे आहे आणि कधी येईल, आहे पण मोडकं आहे. 'उपलब्ध' हा शब्द सर्वानुमते काढून टाकला. सरांनी त्याला दोन वाक्यांत निरोप दिला.

वस्तूंचे प्रकार पाडायचं काम अर्थातच मी घेतलं. एकतीस वर्षांचा अनुभव! झोपायच्या वस्तू, चालायच्या वस्तू, बसायच्या वस्तू. बसायच्या वस्तूंत खुर्ची. खुर्चीला चार पाय, पाठ आणि बैठक. तक्ता इतका सुबक झाला की मी तो बायकोला दोनदा वाचून दाखवला.

महिनाभराने ज्येष्ठ मंडळाचा वर्धापनदिन होता. गर्दी जास्त अपेक्षित होती आणि खुर्च्या नऊ कमी पडत होत्या. मंडळाच्या चिटणिसांनी तक्ता उघडला. 'खुर्ची, हॉस्पिटल, खोलीत आहे: नऊ.' त्यांनी एक निरोप टाकला आणि अर्ध्या तासात नऊ खुर्च्या हजर. कुणाची सही नाही, शिक्का नाही, हेलपाटा नाही. मेट्रनबाईंच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येकीवर पांढरीशुभ्र चादर घातलेली. इतक्या देखण्या खुर्च्या मागे कशाला ठेवायच्या, म्हणून चिटणिसांनी आठ पहिल्या रांगेत लावल्या आणि नववी व्यासपीठावर, प्रमुख पाहुण्यांसाठी.

प्रमुख पाहुणे म्हणजे शेजारच्या वसाहतीतल्या संघाचे अध्यक्ष, मोठे पूल बांधलेले इंजिनिअर. सरांनी प्रास्ताविकात आमच्या तक्त्याचा गौरव केला. माझं नाव घेतलं. मी उभा राहून मान तुकवली. पाहुणे कौतुकाने टाळ्या वाजवत खुर्चीत जरा मागे रेलले, आणि त्यांच्या खालून एक स्टीलचं भांडं निसटलं, व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरलं आणि ठणठणत माझ्या पायापाशी येऊन थांबलं.

हॉस्पिटलातल्या त्या नऊ खुर्च्या संडासला न जाऊ शकणाऱ्या पेशंटांसाठीच्या होत्या. चार पाय, पाठ, बैठक, सगळं माझ्या व्याख्येप्रमाणे. मधल्या भोकाचा रकानाच मी ठेवला नव्हता.

पहिली रांग एखाद्याने हुकूम दिल्यासारखी एकदम उभी राहिली. 'भांडं फुटणे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हे सरांनी चाळीस वर्षं शिकवलं होतं. आता तो उपयोग व्यासपीठावरून घरंगळत खाली गेला होता. मी भांडं उचललं. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते पोटाशी धरून व्यासपीठावर गेलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. हा तक्ता मी केला. मी या कामाचा राजीनामा देतो."

पाहुणे खुर्चीवरची चादर उचलून आत बघत होते. इंजिनिअरच तो. बैठक दाबून पाहिली, पायांचा जोर पाहिला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "ही खुर्ची मिळेल का हो?"

मला वाटलं, पुरावा म्हणून मागतायत.

"माझी आई ब्याण्णव वर्षांची आहे," ते म्हणाले. "तिला रोज दोघांनी उचलून न्यावं लागतं. ती संकोचाने पाणी पीत नाही. तीन आठवडे झाले, मी ही शोधतोय. काय नावाने मागायची तेच कळत नव्हतं. दुकानात चार माणसांसमोर विचारायचं तरी कसं?"

व्यासपीठावरचा माईक चालूच होता. मेट्रनबाई मागच्या रांगेतून उठल्या आणि त्यांनी स्वतः चादर नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. टेलरबाईंनी टेप काढून आईंची उंची विचारली आणि पायाखाली पाट किती उंचीचा लागेल ते सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर ती खुर्ची पाहुण्यांच्या गाडीत गेली. माझ्या हातातलं भांडंही.

त्या दिवशी राजीनाम्याचा विषय सरांनी एका वाक्यात संपवला: "व्याकरणात चूक सापडली म्हणून कुणी भाषा सोडत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही बसून प्रत्येक वस्तूपुढे आणखी एक रकाना घातला, 'कशासाठी'. खुर्च्यांची तीन घराणी झाली. त्या इंजिनिअरांनी आपल्या वसाहतीतल्या दोन संस्था तक्त्यात आणल्या. तिथे वॉकरला 'कठडा' म्हणतात. आम्ही उजव्या पानावर चौथा शब्द लिहिला. सरांना तो चलनाधारापेक्षा बरा वाटला. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, आणि मी ते फक्त सगळ्यांना सांगितलं.

सगळ्या संस्थांचा मिळून एकच नंबर ठेवायचं ठरलं. तो फोन कुणी घ्यायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा मी माझी आसनव्यवस्थाही ठरवून ठेवली होती. पण पहिला फोन नेमका मी अंघोळीला गेल्यावर आला. तो ताईने घेतला आणि मग तो फोन मला परत मिळालाच नाही. ती आता काठीवर चालते, आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसते. मी पेशंटला आधी प्रकार, मग उपप्रकार विचारला असता. ती म्हणते, "नाव राहू दे बाळा. त्यांना काय करायचंय आणि काय जमत नाही, एवढंच सांग." आणि पलीकडचा माणूस सांगत सुटतो. ताई ऐकते, तक्त्यात बोट फिरवते आणि वस्तू काढून देते. कधी कधी तो माणूस वस्तू मिळाल्यावरही बोलत राहतो. त्यासाठी आम्ही अजून रकाना केलेला नाही.

परवा दाढी करायला न्हाव्याकडे बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत एक बसड्रायव्हर, तोंडाला फेस. तो आरशातून न्हाव्याला सांगत होता.

"वडील महिनाभर आडवे. घास भरवायचा तरी ठसका. कुणीतरी एक नंबर दिला. म्हटलं, बघू. एक बाई बोलल्या. मला म्हणे, नाव राहू दे, काय जमत नाही ते सांग. मी म्हटलं, म्हाताऱ्याला उठून बसता येत नाही. तासाभरात पलंग! तो पण कुठून, पार पुलापलीकडून. दांडा फिरवला की माणूस बसता होतो. काल वडिलांना खिडकीपाशी बसवलं. महिन्याने पहिल्यांदा बाहेर बघितलं त्यांनी. आणि पहिलं वाक्य काय बोलले? 'गाढवा, स्कूटर अशी तिरकी लावतात का?'" तो हसला. फेसातून एक रेघ खाली आली. "इतकं बरं वाटलं मला. शिव्या खाऊन."

मला काहीतरी बोलायचं होतं. खरं तर उठून उभंच राहायचं होतं. पण न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि तो म्हणाला, "साहेब, मान हलवू नका."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही काय करता?"

"मी रिटायर्ड," मी ओठ न हलवता म्हणालो. "नावं ठेवत असतो."

"ते काय," तो म्हणाला, "रिटायर झाल्यावर सगळेच करतात."